विहिरीच्या काठावरचे मूल आणि बडोद्यातले बंद दार



दया माणसाला जन्मतः मिळते, की ती शिकवावी लागते? धर्मग्रामाच्या सेवाकार्यात वावरणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतो. एखाद्या दिवशी न मागता लोक पुढे होतात. एखाद्या दिवशी दहा दारे ठोठावून रिकाम्या पिशवीने परतावे लागते. माणसे तीच, गल्लीही तीच. मग माणूस मुळात आहे तरी कसा?

प्राचीन चीनमधल्या विचारवंतांनी या प्रश्नावर फार मनापासून वाद घातला होता. त्यांची उत्तरे आज आपण पाहू आणि मग ती उत्तरे घेऊन आपल्याच शहरात, 1917 सालच्या बडोद्यात येऊ. त्या वर्षी एका तरुणाने या शहरात आसरा शोधला होता. ज्या दारांकडे त्याने आशेने पाहिले, त्यांतले एक दार ख्रिस्ती घराचे होते.

विहिरीजवळचे मूल

मेन्शियस हा चिनी आचार्य इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात होऊन गेला. आजच्या शांतुंग प्रांतातला त्याचा जन्म. कन्फ्यूशियसला जाऊन तेव्हा शंभराहून अधिक वर्षे झाली होती. देशातली मोठी राज्ये एकमेकांशी झुंजत होती. इतिहासकार त्या काळाला लढत्या राज्यांचा काळ म्हणतात. शेतकऱ्याचा मुलगा सैन्यात आणि शेतातले धान्य करात, अशी लोकांची स्थिती होती. अशा दिवसांत हा मनुष्य एका दरबारातून दुसऱ्या दरबारात जाऊन राजांना सांगत होता की माणसाचा स्वभाव चांगुलपणाकडे वाहणारा आहे, जसे पाणी उताराकडे वाहते.

हे पटवण्यासाठी त्याने एक साधे उदाहरण दिले. समजा, एक लहान मूल रांगत रांगत विहिरीच्या अगदी काठाशी गेले आहे आणि आता पडणार, एवढ्यात आपली नजर तिकडे गेली. पाहणारा कोणीही असो, त्याच्या काळजात धस्स होणारच. ही कळ कुठून आली? मुलाच्या आईबापांशी ओळख वाढावी म्हणून नाही. गावात नाव व्हावे म्हणूनही नाही. लोक निष्ठुर म्हणतील या भीतीनेही नाही. हे सारे हिशेब मनात यायला वेळ लागतो आणि कळ त्याच्या आधीच उठलेली असते.

मेन्शियसने इथे फार मोठा दावा केलेला नाही, हे लक्षात घ्यायला हवे. प्रत्येक माणूस धावत जाऊन मुलाला उचलेलच, असे तो म्हणत नाही. प्रत्येकाला कळ येईल, एवढेच तो म्हणतो. त्या कळेला त्याने कोंब म्हटले. असे चार कोंब माणसात असतात. दयेच्या कोंबातून माणुसकी वाढते, लाजेच्या कोंबातून न्यायबुद्धी, नम्रतेच्या कोंबातून रीतभात आणि बऱ्यावाईटाच्या जाणिवेतून शहाणपण. शरीराला जसे दोन हात आणि दोन पाय, तसे मनाला हे चार कोंब. ते वाढवले तर साऱ्या जगाचा सांभाळ करता येईल. वाढवलेच नाहीत तर स्वतःच्या आईबापांचा सांभाळही होणार नाही. कोंब म्हणजे पीक नव्हे, हे शेतकऱ्यांच्या देशात वेगळे सांगावे लागत नव्हते.

गोव्याहून गेलेली वाट

एक बिगरख्रिस्ती, तोही चिनी आचार्य आपल्या मननात कशाला, असे कोणाला वाटेल. पण या आचार्यांची ओळख युरोपला प्रथम करून दिली ती येशूसंघीय धर्मगुरूंनी, आणि त्यांची वाट आपल्या गोव्यावरून गेली होती. मात्तेओ रिच्ची हा इटालियन तरुण 1578 साली गोव्यात उतरला. 1580 मध्ये कोचीनला त्याला गुरुदीक्षा मिळाली आणि 1582 मध्ये तो गोव्याहून मकावला निघाला. पुढे तो चिनी विद्वानांचा पोशाख घालू लागला, त्यांचे ग्रंथ त्यांच्याच भाषेत वाचू लागला आणि 1610 साली पेकिंगमध्ये वारला. कन्फ्यूशियसच्या परंपरेत त्याला शत्रू दिसला नाही. देवाने माणसाच्या बुद्धीला दिलेला उजेड त्याला तिथे दिसला. 1711 मध्ये फ्रान्स्वा नोएल या येशूसंघीयाने मेन्शियसचा ग्रंथ लॅटिनमध्ये आणून प्रागमध्ये छापला. 1861 मध्ये जेम्स लेग या स्कॉटिश मिशनऱ्याने तो इंग्रजीत आणला.

या मंडळींना हे काम परके वाटले नाही, याचे कारण आपल्या पवित्र शास्त्रातच आहे. संत पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सांगतो की ज्यांना नियमशास्त्र मिळाले नाही तेही कित्येकदा स्वभावतःच नियमाप्रमाणे वागतात, कारण नियमाचे काम त्यांच्या हृदयावर कोरलेले असते. विहिरीजवळ उठणारी कळ ही त्या कोरलेल्या अक्षरांतलीच म्हणता येईल.

बैल दिसला, मेंढी दिसली नाही

छी राज्याचा राजा श्वान याच्याकडे मेन्शियस गेला, तेव्हा त्याने राजाला त्याचीच एक गोष्ट आठवून दिली. दरबाराखालून एका बैलाला ओढत नेत होते. नव्या घंटेला बैलाच्या रक्ताने पवित्र करायचे होते. बैल थरथरत होता. राजाला ते पाहवेना. त्याने बैल सोडून द्यायला सांगितले. मग विधी रद्द करायचा का, असे विचारल्यावर तो म्हणाला, विधी कसा रद्द होईल, त्याच्या जागी मेंढी घ्या. लोकांनी राजाला कवडीचुंबक ठरवले, कारण मोठे जनावर वाचवून लहान दिले. मेन्शियसने मात्र राजाची बाजू घेतली. कंजूषपणाचा यात संबंध नाही, असे तो म्हणाला. राजाने बैल डोळ्यांनी पाहिला होता आणि मेंढी पाहिली नव्हती, इतकेच.

राजा सुखावला. मग मेन्शियसने खरा प्रश्न काढला. ज्याची दया बैलापर्यंत पोहोचते, त्याची दया स्वतःच्या प्रजेपर्यंत का पोहोचत नाही? डोंगर काखेत धरून समुद्र ओलांडता येत नाही, असे कोणी म्हटले तर ते खरेच जमणारे नाही. पण म्हाताऱ्या माणसासाठी झाडाची फांदी मोडून देता येत नाही, असे कोणी म्हणाले, तर त्याला ते करायचे नाही. राजाचे न करणे या दुसऱ्या जातीचे आहे, असे त्याने तोंडावर सांगितले.

लिआंगच्या राजालाही त्याने असेच सुनावले होते. राजाच्या मुदपाकखान्यात मांस आहे, तबेल्यात धष्टपुष्ट घोडे आहेत आणि रस्त्यावर माणसे उपासमारीने मरत आहेत. मग राजा म्हणतो, मी काय करणार, यंदा पीकच आले नाही. माणसाला भोसकून, मी नाही मारले, हत्याराने मारले, असे म्हणण्यासारखेच ते झाले.

गुजरातेत हे बोल समजायला जड नाहीत. संवत 1956 चा छप्पनिया दुष्काळ, म्हणजे 1899–1900 चा, इथल्या जुन्या घरांतून अजून आठवला जातो. बडोदे संस्थानाची लोकसंख्या 1891 मध्ये सुमारे 24 लाख होती. 1901 च्या गणतीत ती साडेएकोणीस लाखांवर आली. त्या दिवसांत अनाथ झालेली मुले गुजरातेतल्या मिशनांनी उचलली, जेवू घातली, शिकवली. इथल्या कित्येक ख्रिस्ती घराण्यांचा उगम त्या मुलांत आहे. विहिरीच्या काठावरून उचललेल्या मुलांची नातवंडे आपल्या चर्चच्या बाकांवर बसतात.

वाकडे लाकूड आणि पावसातला पाहुणा

मेन्शियसला विरोध करणारेही थोर होते. त्याच्यानंतर काही दशकांनी शुन-त्झू नावाचा आचार्य झाला. तोही कन्फ्यूशियसच्याच परंपरेतला, पण त्याने साफ सांगितले की माणसाचा स्वभाव वाईट आहे. माणूस जन्मतः लाभ शोधतो, मत्सर करतो, पोटापुरते पाहतो. त्याला तसाच सोडला तर भांडण आणि लूट यांशिवाय काही निपजणार नाही. वाकडे लाकूड वाफ देऊन साच्यात दाबावे लागते, बोथट धातू सहाणेवर घासावा लागतो, तसा माणूस गुरू, रीतिरिवाज आणि अभ्यास यांनी घडवावा लागतो. चांगुलपणा ही मेहनतीने केलेली वस्तू आहे.

या दोघांच्याही आधी मो-त्झू होऊन गेला होता. त्याला दयेच्या मर्यादेचा राग होता. आपले घर, आपले कूळ, आपले राज्य एवढ्यापुरते प्रेम ठेवायचे आणि बाकीच्यांना लुटायचे, यातूनच सारी युद्धे जन्मतात, असे तो म्हणे. सर्वांवर सारखेच प्रेम करा, ही त्याची शिकवण. त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. बलाढ्य चू राज्य लहानशा सोंग राज्यावर चालून जाणार, असे कळल्यावर तो दहा दिवस आणि दहा रात्री चालत चूच्या राजधानीत गेला आणि राजाला युद्धापासून परावृत्त करून परतला. परतीच्या वाटेवर सोंग राज्य लागले. पाऊस कोसळत होता. वेशीच्या आडोशाला उभे राहावे म्हणून तो गेला, तर पहारेकऱ्याने त्याला आत घेतले नाही. ज्या नगराला त्याने वाचवले होते, त्या नगराची वेस त्याच्यासाठी उघडली नाही.

ही पावसातली वेस लक्षात ठेवा. आता आपण बडोद्यात येतो.

1917 चे बडोदे

महाराज सयाजीराव गायकवाड हे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या शेतकरी कुटुंबातले. 1875 मध्ये दत्तक येऊन ते बडोद्याच्या गादीवर बसले. मेन्शियस ज्या राजाच्या शोधात आयुष्यभर फिरला, त्याच्या जवळ जाणारे राज्यकर्ते आपल्याकडे जे थोडे झाले, त्यांत त्यांचे नाव घ्यावे लागते. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठी त्यांनी 1880 च्या दशकातच सरकारी शाळा काढल्या. 1893 मध्ये अमरेली भागात आणि 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. याच महाराजांनी 1913 मध्ये भीमराव रामजी आंबेडकर या तरुणाला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले. शिकून आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची, असा करार होता.

कोलंबियात आंबेडकरांनी जॉन ड्युई या तत्त्वज्ञांची व्याख्याने ऐकली. त्याच सुमारास हू शिह नावाचा एक चिनी विद्यार्थीही ड्युईंकडे शिकायला आला होता. प्राचीन चीनच्या तर्कपद्धतीवर त्याने तिथे प्रबंध लिहिला आणि मो-त्झू व शुन-त्झू यांचे विचार त्यात पुन्हा उजेडात आणले. पुढे तो आधुनिक चीनचा मोठा विचारवंत झाला. जगातल्या दोन जुन्या संस्कृतींची दोन मुले एकाच गुरूकडे शिकत होती.

1917 मध्ये करारानुसार आंबेडकर बडोद्यात नोकरीवर रुजू झाले. नेमणूक महालेखापालांच्या कचेरीत, उमेदवार म्हणून. राहायचे कुठे, हा पहिला प्रश्न. पुढे जवळजवळ अठरा वर्षांनी त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत या दिवसांची हकिगत लिहिली. हिंदू हॉटेलात जात लपवून राहणे त्यांना नको होते. शेवटी एका पारशी धर्मशाळेत रखवालदाराशी बोलणे झाले. रोज दीड रुपया भाडे आणि नोंदवहीत पारशी नाव, अशी तडजोड ठरली. वरच्या मजल्यावर एक लहान खोली. शेजारच्या मोठ्या दालनात मोडक्या खुर्च्या, फळ्या, अडगळ आणि वटवाघळे. विजेचा दिवा नाही. रात्री कंदिलाच्या उजेडात पुस्तक वाचायचे आणि एकटेपणा विसरायचा प्रयत्न करायचा. त्यांचा भाचा मुंबईहून सामान घेऊन आला. मामाची ती दशा पाहून तो इतक्या मोठ्याने रडू लागला की त्याला लगेच परत पाठवावे लागले.

अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीला निघायच्या तयारीत असताना डझनभर पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले. धर्मशाळा बाटवली म्हणून त्यांनी जाब विचारला. आंबेडकरांनी आठवडाभराची मुदत मागितली. ती मिळाली नाही. संध्याकाळच्या आत खोली रिकामी करा, असे बजावून ते गेले.

शहरात हाक मारावी असे दोन मित्र होते. एक हिंदू आणि दुसरा ख्रिस्ती. हिंदू मित्राला वाईट वाटले, संतापही आला. पण तुम्ही घरी आलात तर माझे नोकर निघून जातील, असे तो म्हणाला. त्याचा इशारा समजून आंबेडकरांनी त्याला आणखी गळ घातली नाही. ख्रिस्ती मित्राने तर पूर्वी आपण होऊन घरी राहायला बोलावले होते. त्या वेळी आंबेडकरांनी नाही म्हटले होते. आता त्यांनी होकार दिल्यावर तो म्हणाला, उद्या पत्नी बडोद्यात येत आहे, तिला विचारावे लागेल. हे घर मूळचे ब्राह्मण होते. धर्मांतरानंतर नवरा उदार झाला, पण बायको जुन्या सोवळ्यातच राहिली होती आणि अस्पृश्याला घरात ठेवायला ती तयार झाली नसती, हे आंबेडकरांना मागाहून कळले.

मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास काढायचे होते. ते त्यांनी कामाठी बागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत काढले आणि रात्रीच्या गाडीने ते शहर सोडून गेले. काठ्या घेऊन समोर उभ्या राहिलेल्या पारशांचा तो प्रसंग आठवला की अठरा वर्षांनंतरही त्यांच्या डोळ्यांत पाणी येत असे.

कोंब होता, दार नव्हते

आता मेन्शियसला विचारू, कोण बरोबर होते? तू की शुन-त्झू?

मेन्शियस म्हणेल, कोंब होता. भाच्याचे रडणे काय होते? हिंदू मित्राचा संताप काय होता? ख्रिस्ती मित्राने आधी आपण होऊन दिलेले आमंत्रण काय होते? आणि प्रत्यक्ष वेळ आल्यावर त्याला सरळ नाही म्हणता आले नाही, आडून बोलावे लागले. लाजेचा कोंबही जिवंत होता, म्हणूनच सबब शोधावी लागली.

पण शुन-त्झूही गप्प बसणार नाही. तो म्हणेल, तुमच्या कोंबाचा त्या तरुणाला काय उपयोग झाला? त्याला खोली हवी होती. पिढ्यान्‌पिढ्यांच्या रूढीच्या साच्यात वळलेले लाकूड एका संध्याकाळच्या हळहळीने सरळ होत नाही.

मला वाटते, या शहरात त्या दिवशी दोघेही बरोबर ठरले. एक गोष्ट पाहा. दोन्ही मित्रांनी स्वतःच्या नावाने नकार दिला नाही. एकाने नोकरांचे नाव घेतले, दुसऱ्याने पत्नीचे. डोंगर उचलण्याइतके ते काम अवघड होते, की फांदी मोडण्याइतके सोपे? एका रात्रीसाठी एक अंथरूण पुरले असते. आणि ज्या पत्नीच्या नावावर ते दार बंद झाले, तिला त्या संध्याकाळी कोणी विचारलेलेच नव्हते. ती गावात नव्हती. थकलेला, पुस्तके हातात धरलेला तो तरुण तिने पाहिलाच नाही. राजाला बैल दिसला, मेंढी दिसली नाही. कदाचित ती नाहीच म्हणाली असती. पण तिच्या डोळ्यांना आणि तिच्या काळजाला संधी मिळाली नाही, हे खरे.

मेन्शियसपुढे एकाने असाच पेच टाकला होता. स्त्रीपुरुषांनी वस्तू देताघेताना एकमेकांच्या हाताला स्पर्श करू नये, अशी त्या काळची रीत होती. मग भावजय पाण्यात बुडत असेल तर हात द्यावा की नाही? मेन्शियसने उत्तर दिले की जो हात देणार नाही तो लांडगा. रीत त्याला मान्य होती, पण रीत माणसासाठी आहे आणि जीव जाताना ती बाजूला ठेवायची असते. आपल्या देशात स्पर्शाची रीत माणसापेक्षा मोठी झाली. विहिरीत पडणाऱ्या मुलाला पाहून ज्याचे काळीज हलले असते, तोच माणूस त्या मुलाला त्याच विहिरीचे पाणी भरू देत नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच मनात नांदत होत्या.

चांगला राजा असूनही हे झाले, हेही विसरता येत नाही. महाराजांनी शाळा दिल्या, शिष्यवृत्ती दिली, हुद्दा दिला. पण खोली द्यायची होती ती शहराने, आणि शहराची वेस बंद राहिली. आपल्या नव्या कराने, कायद्याने राजा पुष्कळ काही करू शकतो. शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात पाटावर जागा करून देणे मात्र शेजाऱ्यालाच करावे लागते.

आपल्यासाठी यातला बोचरा भाग वेगळा आहे. त्या घरात बाप्तिस्म्याचे पाणी पोहोचले होते. भल्या शोमरोन्याचा दाखला त्या घरात वाचला जात असणार. लूकच्या शुभवर्तमानातला तो शोमरोनी जखमी माणसाजवळ आला, त्याने त्याला पाहिले आणि त्याला कळवळा आला. इथवर सारे मेन्शियसच्या विहिरीसारखेच आहे. पण दाखला तिथे थांबत नाही. तेल, द्राक्षारस, पट्ट्या, स्वतःचे जनावर, उतारशाळा, दोन नाणी आणि परत येण्याचे वचन, असे पुढचे सारे प्रभूने मोजून सांगितले आहे. त्या दाखल्यातही प्रश्न उतारशाळेचाच होता.

एका कोंबाचे झाड

तरीही निराश होण्याचे कारण नाही. मराठी ख्रिस्ती इतिहासातच याचे दुसरे टोक सापडते. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई हादरून गेल्या. काही वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. पुढे एकत्र राहू लागल्यावरही त्यांनी आपले सोवळे, आपला वेगळा स्वयंपाक, आपले वेगळे पाणी सोडले नाही. बडोद्याच्या त्या घरातल्या पत्नीसारख्याच त्या होत्या. पण त्या विचार करत राहिल्या, माणसे पाहत राहिल्या. देवाने जाती केल्या की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला आणि उत्तर सापडल्यावर सोवळे सोडले. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांच्या घरात कितीतरी पोरकी मुले वाढली. 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांनी हे सारे हसत हसत, स्वतःला न सोडता सांगितले आहे. कोणी त्यांना ओढून बदलले नाही. टिळकांनी वाट पाहिली.

मेन्शियसची एक गोष्ट इथे शोभते. सोंग राज्यातल्या एका शेतकऱ्याला वाटले, आपली रोपे हळू वाढतात. म्हणून त्याने एकेक रोप थोडे थोडे वर ओढले आणि घरी येऊन सांगितले, आज मी दमलो, रोपांना वाढायला मदत केली. मुलगा शेतावर धावला, तर सगळी रोपे माना टाकून पडली होती. काही जण रोपे ओढतात आणि काही जण खुरपणीच करत नाहीत. कोंब दोन्हीकडे मरतो.

छी राज्याच्या राजधानीजवळ एक बैल-डोंगर होता, त्याचीही गोष्ट त्याने सांगितली आहे. एकेकाळी तिथे दाट झाडी होती. शहर जवळ, म्हणून रोज कुऱ्हाडी चालल्या. रात्रीच्या दवाने नवे फुटवे येत, ते गुरे आणि शेळ्या खाऊन टाकत. शेवटी डोंगर बोडका झाला आणि येणारेजाणारे म्हणू लागले, इथे कधी झाडे नव्हतीच. उजाड झालेल्या माणसाबद्दलही आपण असेच बोलतो. त्याच्या रात्रीही दवाच्या असतात, हे आपण विसरतो.

आपल्या दारापाशी

सयाजीबागेतली ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. दरवर्षी सप्टेंबरमध्ये दुरून लोक तिथे येतात. आपल्यातले बरेच जण मुलांना घेऊन त्या बागेत जातात आणि घरी येतात. पुढच्या वेळी पाच मिनिटे तिथे थांबा आणि मुलांना सांगा, इथे एक माणूस पाच तास बसला होता, कारण गावात त्याच्यासाठी खोली नव्हती. येशूच्या जन्माच्या गोष्टीत उतारशाळेत जागा नव्हती हे आपण दर नाताळात गव्हाणी मांडून सांगतोच. मुलांना दोन्ही गोष्टी एकमेकींशेजारी सहज कळतील.

आणि मग आपल्या दाराकडे पाहू. भाड्याने खोली मागायला येणाऱ्याला आजही या शहरात आडनाव विचारले जाते, काय खाता विचारले जाते, देव कोणता विचारले जाते. ख्रिस्ती म्हणून काही दारे आपल्यासाठी बंद होतात, तेव्हा ते आपल्याला लागते. पण आपली खोली रिकामी असते तेव्हा आपण काय विचारतो? सोसायटीतल्या लोकांना चालणार नाही, घरच्यांना विचारावे लागेल, ही वाक्ये 1917 साली जशी होती तशीच आजही हाताशी आहेत.

धर्मग्रामातल्या आपल्या कामात मला मेन्शियसचा एक धडा नेहमीच्या उपयोगाचा वाटतो. मदतीची यादी हातात घेऊन निर्णय करू नका, आधी घरी जाऊन माणूस पाहा. कोंब नजरेने जागा होतो. आणि शुन-त्झूचा धडा असा की, जागा झालेला कोंब सवयीत बांधा. महिन्याचा एक ठरलेला वार, एक ठरलेली भेट, जेवणाच्या टेबलावर एक जास्तीची खुर्ची. मन लागेल तेव्हा करू म्हटले की ते होत नाही. मो-त्झूचा धडा सर्वांत कठीण. ज्यांच्यासाठी केले त्यांच्याच वेशीवर पावसात उभे राहावे लागले, तरी पुढच्या वेळी पुन्हा चालत जायचे.

दया माणसात असते की शिकवावी लागते, या प्रश्नाने आपण सुरुवात केली होती. देवाने आपल्याला त्याच्या प्रतिरूपात घडवले आणि आपण त्या प्रतिरूपावर पुष्कळ धूळ बसू दिली, असे आपली श्रद्धा सांगते. कोंब त्याने पेरलेला आहे. त्याला पाणी घालण्याचे काम त्याने आपल्याकडे दिले आहे, आणि पाऊस पाडण्याचे स्वतःकडे ठेवले आहे.

प्रार्थना करू या.

हे प्रभू, आमच्या काळजात तू ठेवलेली कळ विझू देऊ नकोस. जो आमच्या दारी येतो त्याला आम्हाला आमच्या डोळ्यांनी पाहू दे. दुसऱ्याचे नाव पुढे करून दार लावण्याचा मोह आमच्यापासून दूर ठेव. आणि आमच्या घरात आज रात्री कोणाला जागा लागली, तर ती देण्याचे बळ आम्हाला दे. आमेन.